ठिपकीचा दाणा आणि पोतनीसांची जीप

एवढीशी, तिळाएवढी, दिसली तर दिसली, अशी एक मुंगी होती. तिचं नाव ठिपकी.

एक दिवस ठिपकीला स्वयंपाकघरात एक शेंगदाणा सापडला. गोल गोल, गुलाबी, भाजलेला. ठिपकीला केवढा आनंद झाला. घरी तिची आई होती. पाच भावंडं होती. सगळी कालपासून उपाशी होती. ठिपकीने दाणा ढकलला. उंबऱ्यावरून ढकलला. पायरीवरून ढकलला. हुश्श हुश्श, तुरु तुरु. ढकलत ढकलत अंगणात आणला.

अंगणात उभी होती पोतनीसांची जीप.

आता हे पोतनीस कोण, ते ऐका. बाबा, आई, हेरंबकाका आणि आजोबा. ही मंडळी निघाली होती सहलीला. साधीसुधी सहल नाही हं. वाळवंटात जायचं, डोंगरात जायचं. मोठा रस्ता सोडून आडवाटेने जायचं. तंबू ठोकून राहायचं. कधी निघाली होती मंडळी? गणपतीत. गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा संपला. मंडळी आपली निघतच होती. जीप मात्र रोज धुवायची बरं का. त्यामुळे अंगणात हा एवढा चिखल.

त्या दिवशी बाबा जीपमध्ये बसले. म्हणाले, "डोंगरात गाडी मागे घ्यावी लागते. सराव हवा."

घुर्र घुर्र. जीप मागे आली. एक हातभर मागे आली. थांबली. बाबा उतरून गेले.

आणि जीप थांबली कुठे? ठिपकीच्या दाण्यावर. दाणा गेला चाकाखाली. चिखलात रुतून बसला. ठिपकीने ओढला, हलेना. ढकलला, हलेना. ठिपकीला रडूच आलं.

ती म्हणाली, "जीपताई, जीपताई, जरा पुढे सरक ना. माझा दाणा मिळत नाही."

जीप म्हणाली, "मी नाही सरकत जा. बाबा किल्ली फिरवतील, तर मी सरकेन."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

बाबा बसले होते पायरीवर. मांडीवर यादी. सात पानांची यादी. पहिल्या पानावर तंबू, दुसऱ्या पानावर कंदील, आणि सातव्या पानावर काय? तर 'यादी बरोबर घेणे'.

ठिपकी म्हणाली,
"अहो बाबा, किल्ली फिरवा ना.
जीप सरकत नाही,
माझा दाणा मिळत नाही."

बाबा म्हणाले, "यादीत अजून डबा राहिलाय. मी नाही किल्ली फिरवत जा. आई डबा भरेल, तर मी फिरवीन."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

आई होती स्वयंपाकघरात. ओट्यावर चिवडा, ओट्यावर लाडू, तीन तऱ्हेच्या चटण्या. डबा मात्र रिकामा.

ठिपकी म्हणाली,
"अहो आई, डबा भरा ना.
बाबा किल्ली फिरवत नाहीत,
जीप सरकत नाही,
माझा दाणा मिळत नाही."

आई म्हणाली, "वाळवंट आधी आलं, तर चिवडा वर. डोंगर आधी आला, तर लाडू वर. मला कोणी सांगेल तर ना. मी नाही डबा भरत जा. काका रस्ता ठरवतील, तर मी भरीन."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

हेरंबकाका होते मधल्या खोलीत. जमिनीवर नकाशा, नकाशावर काका. पोट वाळवंटावर, पाय डोंगरावर. काकांनी रस्ता नऊ वेळा ठरवला होता. नऊ वेळा खोडलाही होता.

ठिपकी म्हणाली,
"अहो काका, रस्ता ठरवा ना.
आई डबा भरत नाही,
बाबा किल्ली फिरवत नाहीत,
जीप सरकत नाही,
माझा दाणा मिळत नाही."

काका म्हणाले, "आधी वाळवंट की आधी डोंगर? वडीलधाऱ्यांना विचारायला नको? मी नाही रस्ता ठरवत जा. आजोबा बोलतील, तर मी ठरवीन."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

आजोबा बसले होते खुर्चीत. अंगात स्वेटर, डोक्यात माकडटोपी, पायात बूट. गणपतीपासून असेच तयार. तोंड मात्र घट्ट मिटलेलं.

ठिपकी म्हणाली,
"अहो आजोबा, काहीतरी बोला ना.
काका रस्ता ठरवत नाहीत,
आई डबा भरत नाही,
बाबा किल्ली फिरवत नाहीत,
जीप सरकत नाही,
माझा दाणा मिळत नाही."

आजोबा म्हणाले, "सकाळपासून घोटभर चहा नाही. मी नाही बोलत जा. चहा कपात उतरेल, तर मी बोलेन." न बोलता एवढं सगळं बोलले आणि परत गप्प बसले.

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

चहा होता शेगडीवर. बुडबुड बुडबुड. उकळून उकळून काळा झाला होता बिचारा.

ठिपकी म्हणाली,
"चहादादा, चहादादा, कपात उतर ना.
आजोबा बोलत नाहीत,
काका रस्ता ठरवत नाहीत,
आई डबा भरत नाही,
बाबा किल्ली फिरवत नाहीत,
जीप सरकत नाही,
माझा दाणा मिळत नाही."

चहा म्हणाला, "असा पावडरीसकट उतरलो, तर आजोबा थू थू करतील. मी नाही उतरत जा. गाळणी येईल, तर मी उतरेन."

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

गाळणी कुठे होती? सांगते. पोतनीसांच्या घरात गाळणी एकच. ती हेरंबकाकांनी काल सहलीच्या पिशवीत भरली. फडक्याने गाळावा चहा, तर फडकंही पिशवीत भरलं. पिशवी कुठे? ही काय, ओसरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग उघडा ना पिशवी. छे, उघडायची नाही. काकांचा नियमच तसा. भरलेली पिशवी पहिल्या मुक्कामाला उघडायची, त्याआधी नाही. म्हणून सगळे बिनचहाचे बसले होते. चहा नाही, म्हणून डोकं चालत नव्हतं. आणि डोकं चालत नव्हतं, म्हणून पिशवी उघडावी हे कोणाला सुचत नव्हतं.

ठिपकी पिशवीपाशी गेली. म्हणाली,
"गाळणीबाई, गाळणीबाई, बाहेर ये ना.
चहा कपात उतरत नाही,
आजोबा बोलत नाहीत,
काका रस्ता ठरवत नाहीत,
आई डबा भरत नाही,
बाबा किल्ली फिरवत नाहीत,
जीप सरकत नाही,
माझा दाणा मिळत नाही."

गाळणी आतून म्हणाली, "मी नाही येत जा. गाठ सुटेल, तर मी येईन."

ठिपकी चढली पिशवीवर. तुरु तुरु तुरु.

पिशवीच्या तोंडावर बसली होती गाठ. ही जाडजूड, गलेलठ्ठ गाठ. डोंगर चढणारे बांधतात तसली. काकांनी फोनवर बघून बघून बांधली होती.

ठिपकी म्हणाली,
"गाठबाई, गाठबाई, सूट ना.
गाळणी येत नाही,
चहा कपात उतरत नाही,
आजोबा बोलत नाहीत,
काका रस्ता ठरवत नाहीत,
आई डबा भरत नाही,
बाबा किल्ली फिरवत नाहीत,
जीप सरकत नाही,
माझा दाणा मिळत नाही."

गाठ फुगली. म्हणाली, "मी नाही सुटत जा. वाघाने ओढलं तरी नाही. हत्तीने ओढलं तरी नाही."

"मग कोण काय करेल, तर सुटशील?"

"कोणी काहीही केलं, तरी सुटायची नाही."

झालं. आता पुढे जायला कोणी उरलंच नव्हतं. ठिपकी थांबली. तिला आई आठवली. पाच उपाशी भावंडं आठवली. मग तिला आला राग. एवढीशी मुंगी, पण राग चांगला मोठा. तिने दोरीचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

सुर्रर्रर्र.

गाठ सुटली. काय सांगू, एका ओढीत सुटली. काका बघत होते तेव्हा फोन मध्येच बंद पडला होता. अर्धीच गाठ शिकले होते ते.

मग काय झालं?

गाठ सुटली.
गाळणी बाहेर आली, टण टण टण.
चहा कपात उतरला, सुळळळ.
आजोबांनी घोट घेतला, फुर्र फुर्र. आजोबा बोलले, "आधी वाळवंट. उन्हाळा यायच्या आत."
काकांनी रस्ता ठरवला, सर्र सर्र.
आईने डबा भरला, खाली लाडू, वर चिवडा, झाकण लावलं खट्ट.
बाबांनी यादी मिटली, किल्ली फिरवली, घुर्र घुर्र.
जीप सरकली.

ठिपकी ओरडली, "माझा दाणा मिळाला."

हो, मिळाला. चिखलात पक्का रुतलेला, पण अख्खाच्या अख्खा. ठिपकीने तो हलवला, सोडवला, वर काढला.

आणि जीप? जीप अंगणातून गेली. फाटकातून गेली. चक्क रस्त्यावर गेली. समोरच्या काकू हात पुसत बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. जीप वळणावरून दिसेनाशी झाली, तरी त्यांना खरं वाटेना.

ठिपकीने दाणा घरी नेला. हुश्श हुश्श, तुरु तुरु. आईने तिला जवळ घेतलं. पाच भावंडं दाण्याभोवती गोळा झाली.

एक म्हणालं, "आधी दाणा धुऊ."
दुसरं म्हणालं, "आधी मोजमाप करू."
तिसरं म्हणालं, "आधी वाटे ठरवू."
चौथं म्हणालं, "आधी रांग लावू."
पाचवं म्हणालं, "आधी आत्याला विचारू."

ठिपकी म्हणाली, "आधी खाऊ."

कुटुम कुटुम, कुटुम कुटुम. दाणा फस्त. गोष्ट फस्त.