शाबूत राहिलेली खाणावळ

ज्या राज्याच्या खुणाही आता उरल्या नाहीत, अशा एका राज्यात फार पूर्वी घडलेली ही हकिगत आहे.

त्या राज्याच्या राजधानीत नदीकाठी रंगाऱ्यांची आळी होती. गावोगावचं सूत तिथं यायचं आणि लाल, निळं, हळदी होऊन परत जायचं. आळीतल्या बायका आणि पुरुष, दोघंही पहाटेपासून रंगाच्या हौदांवर राबायचे. त्यामुळे दुपारी कुणाच्या घरात चूल पेटत नसे. सगळी आळी जेवायला जायची ती तुळसाक्काच्या खाणावळीत.

तुळसाक्का तरुणपणी विधवा झाली होती. रंगाऱ्यांचा म्होरक्या सिदबा, त्यानं तिला आळीच्या तोंडाशी जागा दिली आणि आळीतल्या बायांनी चुलीसाठी दगड वाहून आणले. तेव्हापासून ती रांधत होती. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, हंगामात मिळेल ती भाजी आणि ठेचा, याहून वेगळं तिच्याकडे काही नसायचं. पण कुणाला भाकरी मऊ लागते आणि कुणाला तिखट सोसत नाही, हे तिला विचारावं लागत नसे. कोणी दुपारी दिसलं नाही तर ती हात पुसत हौदापर्यंत जायची आणि चौकशी करून यायची.

एका वर्षी राजा शेजारच्या राज्यात पाहुणा म्हणून गेला. तिथं त्यानं नदीकाठच्या हवेल्या पाहिल्या, बागा पाहिल्या. आपल्याही नगरात तसंच असावं, असं त्यानं मनात घेतलं. परत आल्यावर त्यानं नगराच्या कारभाऱ्याला बोलावलं आणि ठरलं असं, की रंगाऱ्यांना डोंगरापलीकडच्या माळावर जागा द्यायची आणि आळीच्या जागी हवेल्या उठवायच्या.

कारभारी सगळ्यात आधी खाणावळीत आला. पोटभर जेवला. हात धुता धुता म्हणाला, "अक्का, तुमच्या आमटीचं नाव महाराजांच्या कानावर आहे. आळी हलली तरी तुमची खाणावळ हलणार नाही. उलट फरशी घालून देऊ, वर कौलं चढवू. तुम्ही निर्धास्त असा."

तुळसाक्कानं हात जोडले. कारभाऱ्यानं बदल्यात काही मागितलं नाही. मागायची त्याला गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सिदबा आला. रोजच्यासारखा जेवायला बसला नाही, दाराशीच उभा राहिला.

"तुळसा, उद्या आम्ही सगळे दरबारात जातोय. माळावर पाणी नाही. पाण्यावाचून रंगारी काय करणार, ते राजाला सांगायचंय. तू आलीस तर बरं होईल."

"माझ्या येण्यानं काय होणार, सिदबादादा?"

"तुझं नाव तो ओळखतो. आमचं ओळखत नाही."

तुळसाक्कानं चुलीकडे तोंड फिरवलं. जाळ नीट होता, तरी तिनं लाकूड पुढं सारलं. "हंडा चढलेला असतो त्या वेळी," ती म्हणाली. "मला कसं जमायचं?"

"बरं," सिदबा म्हणाला आणि गेला.

रंगारी दरबारात गेले आणि हात हलवत परत आले. आळी उठायचं नक्की झालं. निघायच्या दिवशी तुळसाक्कानं पुरण घातलं आणि सगळ्यांना आग्रह करून वाढलं. माणसं खाली मान घालून जेवली. काही बायांनी जाताना तिला मिठी मारली. सिदबानं ताट पुसून घेतलं, नेहमीसारखा हात जोडून नमस्कार केला आणि गाडीत बसला. तुळसाक्काला फार रडू आलं. पण मनाच्या एका कोपऱ्यात तिला हेही वाटून गेलं, की आपलं छप्पर तरी डोक्यावर राहिलं.

मग खणायला सुरुवात झाली. घरं पडली, हौद बुजले. रस्ता पाया भरण्यासाठी अडवला गेला आणि बाजारातून येणाऱ्या वाटसरूंनी दुसरी वाट धरली. चुन्याची धूळ भाकरीवर बसायची. गवंडी जेवायला यायचे, पण काम सरकलं तसे तेही पांगले.

हवेल्या उभ्या राहिल्या. त्यांत राहायला आलेल्या माणसांच्या घरी स्वतःचे आचारी होते. तुळसाक्काच्या धुरानं भिंती काळ्या होतात, अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा तिनं चूल मागच्या अंगाला नेली. आळी भारीची झाली म्हणून जागेचा सारा वाढला, तो तिनं अंगावरचे दागिने मोडून भरला. सगळ्यात अवघड गेलं ते थोडकं शिजवणं. जन्मभर हंडाभर आमटी केलेला हात. पातेलीत तीच डाळ, तेच वाटण घातलं तरी चव उतरेना. केलेलं उरायचं, ते संध्याकाळी ती गाईंना घालायची. भर दुपारी फरशीवर पानं मांडून ती रस्त्याकडे बघत बसायची. फरशी मात्र सुरेख होती, कौलंही गळत नव्हती.

एकदा कारभारी परराज्यातल्या पाहुण्यांना घेऊन आला. नगरातली जुनी खाणावळ म्हणून ती त्यांना दाखवायची होती. पाहुण्यांनी भाकरीचे चार घास मोडले आणि बाजूला सारले. कारभारी खुशीत होता.

"या बाई मोठ्या समजूतदार," तो पाहुण्यांना म्हणाला. "रंगारी दरबारात गाऱ्हाणं घेऊन आले, तेव्हा महाराज जरा घोटाळले होते. मग मी म्हटलं, महाराज, त्याच आळीत सगळ्यांना जेवू घालणारी तुळसाक्का आहे. ती काही आली नाही. खरंच अन्याय होत असता तर ती घरी बसली असती का? महाराजांना पटलं. तिथंच त्यांनी मोहोर उठवली."

तुळसाक्काच्या हातात आमटीची वाटी होती. ती तिनं पाहुण्यापुढं नीट ठेवली.

"आणि मी आले असते तर?" तिनं विचारलं.

कारभाऱ्यानं क्षणभर विचार केला. "तर महाराजांनी बहुधा ते लांबणीवर टाकलं असतं. पण तुम्ही आला नाहीत, हे सगळ्यांच्याच भल्याचं झालं."

पाहुणे गेल्यावर तिनं चूल विझवली आणि दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून ती माळावर पोचली.

माळावर झोपड्या होत्या, पण माणसं थोडी. पाण्यावाचून रंगकाम बंद पडलं होतं. धडधाकट होते ते पहाटे भाकरी बांधून दगडाच्या खाणीवर जायचे. कितीतरी कुटुंबं पोटासाठी दुसऱ्या मुलखात निघून गेली होती आणि ती कुठं आहेत, हे मागे राहिलेल्यांना ठाऊक नव्हतं. सिदबा एका झोपडीच्या सावलीत बसला होता. तो फार थकला होता.

तुळसाक्का त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "दादा, माझ्यामुळं झालं हे. मी आले नाही, तेच राजाला पुरलं. मला काल कळलं."

"आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं," सिदबा शांतपणे म्हणाला. "कारभारी बोलला तेव्हा आम्ही तिथंच उभे होतो."

ती म्हणाली, "त्यानंतरही तुम्ही माझ्याकडे जेवलात. कोणी एका शब्दानं बोललं नाही."

"तू वाढत होतीस. वाढणाऱ्या माणसाला काय बोलायचं?"

तिनं जवळ पडलेले तीन दगड ओढून घेतले. म्हणाली, "मी इथं चूल मांडते."

"मांड की. पण हंडा कुणासाठी चढवशील? सगळी आळी एका वेळी भुकेली व्हायची, म्हणून तुझी खाणावळ होती. ती माणसं आता गोळा करता येणार नाहीत, तुळसा. तुलाही नाही आणि राजालाही नाही."

तरी ती राहिली. खाणीवर जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना ती दुपारी भाकरी करून घालू लागली. एवढंच तिच्या हाती उरलं होतं. कोणी तिला दोष दिला नाही आणि तेच तिला सोसवत नसे. पुढे कारभाऱ्याचा निरोप आला, की खाणावळ जशीच्या तशी आहे, कोणी हात लावलेला नाही, परत या. ती गेली नाही. काही दिवसांनी तिथं एका सराफानं पेढी थाटली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: शेजार उठत असताना आपलं दार शाबूत आहे म्हणून जो गप्प बसतो, त्याच्या दारात पुढं कोणी येत नाही.