खारीने बंद केलेली रीत

ही गोष्ट मी गेल्या मार्गशीर्षात शेंगा भाजणाऱ्या अनुसयाबाई कोष्टी यांच्याकडून ऐकली.

फार पूर्वी एका खारीची चाळीस झाडांखाली शेंगदाण्यांची दुकाने होती. विक्री झपाट्याने व्हावी म्हणून तिने गिऱ्हाइकाला दाणा चाखू देण्याची रीत बंद केली.

"खारूताई, एक दाणा तरी दे की!" साळुंकी म्हणाली.

"माझे नाव पुरेसे नाही का?"

त्या वर्षी दाणे खवट निघाले आणि हे तिला गिऱ्हाइके तुटल्यावरच कळले. एकोणचाळीस दुकाने बंद पडली.

उरलेल्या दुकानात ती एकेक दाणा हुंगून खवट दाणे फेकू लागली.

"ताई, जन्म जाईल यात!" साळुंकी हसली.

"जाऊ दे. बस, आणि हा चाखून सांग."

साळुंकीला तो दाणा गोड लागला की नाही, एवढे मात्र मला कोठेही पडताळता आले नाही.