तक्त्यावर न दिसणारा भार

एकदा एका विद्यार्थिनीला स्वतःच्याच संगणकाचे भय वाटू लागले.

तिचे नाव केतकी. मिरजेत राहणारी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली. संगणकावर मोटारशर्यतीचे खेळ खेळायचे आणि खेळता खेळता ते लोकांना थेट दाखवायचे, हा तिचा छंद. बोलणे असे रसाळ, की ज्यांना त्या खेळातले ओ की ठो कळत नसे तेही ऐकत बसत. पण एका संध्याकाळी शर्यत शेवटच्या वळणावर आली आणि नेमके तेव्हाच चित्र गोठले. तोंड वासलेला, डोळे अर्धवट मिटलेला केतकीचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला. कुणीतरी त्याचे छायाचित्र घेतले, खाली एक बोचरी ओळ लिहिली, आणि पाहता पाहता ते महाविद्यालयभर फिरले.

त्यानंतर ती खेळायला बसली की तळहात गार पडत. नजर रस्त्यावर कमी आणि कोपऱ्यातल्या तक्त्यावर अधिक. त्या तक्त्यावर प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाच्या मेंदूचा, भार दिसे; तो फार झाला की चित्र गोठते. आकडा चढू लागला की तिचे बोलणे अडखळे. संगणकाच्या पंख्याचा आवाज जरा वाढला तरी ती खेळ सोडून तिकडे कान लावी.

अशातच या खेळाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची रविवारची अंतिम फेरी तिनेच दाखवायची असे ठरले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या; ही मात्र घरी येऊन दार लावून बसली. नवा प्रोसेसर घेतल्यावाचून गत्यंतर नाही असे तिच्या मनाने घेतले. पण नवा प्रोसेसर संगणकाच्या जुन्या मुख्य बोर्डावर बसत नव्हता. म्हणजे बोर्ड बदला, मेमरी बदला, सारे पुन्हा जोडा. आणि जोडताना काही बिघडले तर? इकडे आड, तिकडे विहीर. अन्न गोड लागेना. आईने विचारले तर म्हणे, "काही नाही गं."

तिला पूर्वी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे तांबोळी सर निवृत्त होऊन शेजारच्याच गल्लीत राहत असत. अखेर ती त्यांच्याकडे गेली.

"सर, कोणता प्रोसेसर घेऊ तेवढं सांगा. रविवारच्या आत बसवायचाय."

"सांगतो," सर म्हणाले. "पण आधी तू खेळ दाखवतेस कसा, ते मला बघू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले आणि तिच्या मागे खुर्ची ओढून बसले. केतकीने प्रक्षेपण सुरू केले. माणसे जमू लागली. सर पडद्याकडे न पाहता तिच्याकडेच पाहत होते. ती बोलता बोलता अडखळत होती, तक्त्याकडे पाहत होती, पुन्हा अडखळत होती. शर्यत रंगात आली. तोच सर उठले, टेबलामागे वाकले आणि त्यांनी इंटरनेटची वायर उपसून हातात घेतली.

केतकी किंचाळली. "सर! हे काय केलंत?"

सर शांतपणे पुन्हा खुर्चीत बसले. "आता काय होईल, सांग."

"हसतील सगळे. निघून जातील. परत तो फोटो..." ती रडू लागली. सरांनी तिला रडू दिले. मग तांब्यातले पाणी पेल्यात ओतून दिले आणि वायर तिच्या तळहातावर ठेवली. "रडणं थांबलं, की जोड."

बऱ्याच वेळाने तिने वायर जोडली. काही माणसे निघून गेली होती. एकाने चित्राखाली टवाळी लिहिली होती. ती वाचून तिला झोंबले. त्याखाली कुणी लिहिले होते, 'थांबलोय, ये.' केतकीने घसा खाकरला. "वायर निघाली होती. आहे मी," ती म्हणाली आणि नवी शर्यत सुरू केली. या खेपेस ती अडखळली नाही.

प्रक्षेपण आटोपल्यावर सर म्हणाले, "बाळ, मी आज तुझ्याशी कठोर वागलो. पण ज्याला भीत होतीस ते घडलं, आणि ते संपलंही. हा तुझा प्रोसेसर एका वेळी दोन कामं करतो. खेळ चालवतो आणि त्याचं चित्र आवळून, बांधून लोकांकडे पाठवतो. त्याचा भार या तक्त्यावर दिसतो. तूसुद्धा दोन कामं करत होतीस. एक खेळायचं आणि दुसरं भ्यायचं. त्या दुसऱ्याचा भार कुठल्याच तक्त्यावर दिसत नाही. आणि भयाला काहीही आणून दे, ते कधी 'पुरे' म्हणत नाही. आता सांग, या यंत्राला खरंच काय हवंय?"

केतकीने खुर्ची पुढे ओढून तक्त्यावर बोट ठेवले. मग हळूच म्हणाली, "चित्र बांधायचं काम पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे देता येतं, सर. मला ठाऊक होतं. पण काही हलवलं तर आणखी बिघडेल म्हणून हातच लावला नाही."

"मग लाव की!"

तिने ते काम कार्डाकडे सोपवले. प्रोसेसरवरचा भार झरझर उतरला. सरांनी मान डोलावली आणि चपला घातल्या.

रविवारी अंतिम फेरीच्या वेळी भय पुन्हा आले. तळहात पुन्हा गार पडले. मध्येच एकदा चित्र क्षणभर अडकले आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण तिचा आवाज थांबला नाही. शर्यत कोण जिंकले हे तिने ओरडून सांगितले तेव्हा ऐकणारेही ओरडत होते.

पुढे वर्षभराने नवे खेळ जड झाले, तेव्हा केतकीने प्रोसेसर बदलला. तो बदलताना तिने कुणाला विचारले नाही.

नवे काही घरात आणताना एवढे पाहावे, की ते आणायला सांगते आहे काम, की भय.