डावीकडचं स्टिअरिंग

लढाई संपली आणि लष्कराने विकायला काढलेला एक अमेरिकन ट्रक हैदर शिकलगारने लिलावात घेतला. गाडी दणकट होती, त्याचा तिच्यावर भारी जीव. पण स्टिअरिंग डावीकडे! पासिंगला आलेले रणदिवे साहेब कडाडले, "ड्रायव्हर उजवीकडेच पाहिजे. ही उफराटी गाडी मी घाटात सोडणार नाही!"

"साहेब, एकदा माझ्याबरोबर घाट उतरा, मग खुशाल नाही म्हणा."

साहेब मिशीवर ताव देत उजवीकडे बसले. उतरताना दरी डाव्या अंगाला होती. अरुंद वळणावर समोरून बस आली. हैदरने खिडकीतून मान काढून चाक पाहिलं, ट्रक दरीपासून वीतभरावर नेऊन थांबवला आणि बस सुखरूप निघून गेली.

"काठावर नेतोस काय रे!" साहेब ओरडले.

हैदर शांतपणे म्हणाला, "साहेब, स्टिअरिंग उजवीकडे असतं, तर आत्ता या काठावर तुम्ही बसला असता. आणि चाक अजून रस्त्यावर आहे का, हे मला तुम्हालाच विचारावं लागलं असतं."

साहेबांनी एकवार दरीत डोकावून पाहिलं आणि मांडीवरच कागद ठेवून सही ठोकली. उरलेला घाट हैदर शीळ घालत उतरला.