राग उतरवणारा काढा

“मग तुम्हीच सांगा बाबा, माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकून गेलेल्या माणसाला मी काय म्हणू?”

अनुजा सरदेशमुख डोंगर चढून मठात आली होती, पण तिला लागलेली धाप चढाची नव्हती.

ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. वडील या मठाचे जुने शिष्य. तिने मात्र एम.एस्सी. झाल्यापासून मठाची पायरी चढली नव्हती. अंगारे, नाड्या, काढे, सगळं तिच्या लेखी थोतांड. आज आली ती दुसरीकडे कुठे जावं हे सुचेना म्हणून.

मठाधिपती धोंडनाथ ओसरीवर गुळवेल चेचत बसले होते.

“काय म्हणाला जावई?”

“बॅग भरून दारात उभा राहिला. म्हणाला, तूच वर्गात शिकवतेस ना, प्रेम म्हणजे मेंदूतली रसायनं, दोनेक वर्षांत ओसरतात? आपली ओसरली. आता दुसरीसाठी उसळलीत. यात माझा काय दोष?” तिचा आवाज चिरकला. “चौदा वर्षं संसार केला, बाबा! आणि दोष कुणाचा, तर ग्रंथींचा!”

“तू तसंच शिकवतेस?”

“हो. खरंच आहे ते.”

“मग तो खोटं काय बोलला?”

अनुजा ताडकन उठली. कानशिलं तापली होती.

“म्हणजे तुम्हीसुद्धा त्याच्याच बाजूचे!”

“बस खाली. हात दे.”

नाथांनी नाडीवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली...

“केवढी धावतेय ही! काय आहे हे?”

“राग आहे.”

“तुझ्या पुस्तकात त्याला काय म्हणतात?”

ती दात आवळून म्हणाली, “रसायनच म्हणतात.”

नाथ आत गेले आणि वाटीभर काळपट काढा घेऊन आले.

“पी. तीन दिवस घे. राग उतरेल. उद्या तो समोर येऊन उभा राहिला, तरी तुझ्या कपाळाला आठी पडायची नाही.”

काढ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण सहा आठवडे डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने वाटी ओठांपर्यंत नेली.

आणि हात तिथेच थांबला...

लग्नाच्या सहाव्या वर्षी नवऱ्याचा, निरंजनचा पाय मोडला होता. तीन महिने तिने त्याला खांद्याचा आधार देऊन न्हाणीघरात नेलं, अंघोळ घातली. पहिल्या दिवशी तो लाजेने रडला. त्याची पाठ चोळता चोळता तीही रडली. पुस्तकाप्रमाणे तोवर सारं कधीच ओसरलेलं असायला हवं होतं.

हा राग उतरला, तर त्या तीन महिन्यांची बाजू घेणारं कोण उरणार?

तिने वाटी फरशीवर आदळली. काढा उडाला.

“नाही पिणार!”

“का गं? रसायनच तर आहे.”

“असू दे रसायन!” ती जवळजवळ ओरडलीच. “माझ्यावर अन्याय झाला, म्हणून राग आलाय मला. अंगात काय पाझरतं, किती पाझरतं, सगळं सांगता येतं. म्हणून काय राग खोटा झाला? तो माझा आहे! त्याचं काय करायचं ते मी ठरवीन, ग्रंथी नाही!”

बोलून गेली आणि थबकली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं...



धोंडनाथांनी फडकं घेतलं आणि वाकून सांडलेला काढा पुसू लागले. मान वर न करता, जरा कडक आवाजातच म्हणाले,

“मग पोरांना अर्धाच धडा का शिकवतेस?”