कात्रीनबायचं पालथं ताट

नांदखारच्या बंदरावर दगडी धक्का नव्हता, खाडीवर पूल नव्हता आणि भरती येईपर्यंत लहानथोर सगळ्यांनाच चिखलाकडे बघत बसावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. नक्की साल कुणाला सांगता येत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या आजीच्या आजीनं कात्रीनबायला पाहिलं होतं. त्यांच्या आजीही तेच म्हणत असत.

कात्रीनबाय ख्रिस्ती होती. सगळं नांदखारच ख्रिस्ती होतं आणि आजही आहे. तिचं घर बंदराच्या अगदी तोंडाशी होतं आणि घरामागे केळीची वाडी होती. नवऱ्याचं नाव पास्कोल. तो कामाला हळू आणि बोलायला चलाख होता. ओहोटीला गलबतं खाडीत अडकत आणि सहा सहा तास हलत नसत. त्यांतली माणसं काठावर येऊन बसत. मिठाचे व्यापारी, कापडवाले, डोंगरातून मोळ्या घेऊन आलेल्या वारली बाया, गावोगाव पंचांग सांगत फिरणारे जोशीबुवा, लांब कच्छहून आलेले खलाशी. देवळात, म्हणजे चर्चमध्ये (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात), कात्रीनबायनं ऐकलं होतं की परका माणूस दारात उभा राहिला तर प्रभूच आला असं समजावं. तिनं ते ऐकलं आणि खरं मानलं. भरतीची वाट बघणारा कुणीही तिच्या घरासमोर उपाशी बसू शकत नसे. ती हाताला धरून आत आणी.

एकदा गावच्या सणाच्या दिवशी कच्छचं एक गलबत खाडीत अडकलं. त्याचा नाखवा होता हासम. उंच, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. या किनाऱ्याला तो पहिल्यांदाच आला होता. कात्रीनबाय स्वतः काठावर गेली आणि म्हणाली, "नाखवा, आज आमचा सण आहे. तुम्ही माझ्या घरी जेवायचं." हासम नाखव्याला बरं वाटलं. तो हातपाय धुऊन आला आणि मांडवात मानाच्या जागी बसला.

आता आपल्याला सगळ्यांत गोड ते पाहुण्याला द्यायचं, एवढंच कात्रीनबायला ठाऊक होतं. तिनं वडे वाढले आणि वड्यांवर आपल्या हातानं सणाचं मटण वाढलं. नाखव्यानं पहिला घास उचलला. तेवढ्यात शेजारचा जुझे मोठ्या अभिमानानं ओरडला, "खा, नाखवा, पोटभर खा! तीन महिने पोसलाय तो डुक्कर, अशा पाहुण्यांसाठीच!"

घास ओठांपाशी थांबला. नाखव्यानं तो परत ताटात ठेवला. तो उठला, हात धुतला आणि एक शब्दही न बोलता चिखल तुडवत आपल्या गलबतावर गेला. भरती आली तेव्हा गलबत निघून गेलं.

जुझे म्हणाला, "मी काय वाईट बोललो? डुक्कर चांगलाच होता." पास्कोलनं त्याला कोपरानं ढोसलं.

दुसऱ्या दिवशी कात्रीनबाय पाद्रीबाबांकडे गेली आणि रडत रडत सगळं सांगितलं. पाद्रीबाबा म्हातारे होते, गोव्याचे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कात्रीन, येशू प्रभू यहुद्याच्या घरी जन्मला. यहुदी लोकही डुक्कर खात नाहीत, ठाऊक आहे ना?"

कात्रीनबायचं रडणं थांबलं. तिला ठाऊक नव्हतं. तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हणजे पाद्रीबाबा, काल प्रभू माझ्याकडे जेवायला आला असता तर उपाशीच उठून गेला असता."



ती घरी आली, आपलं सणाचं ताट उचललं आणि पालथं घातलं. म्हणाली, "हा नाखवा माझ्या घरी पोटभर जेवेल, तेव्हा मी हे ताट उताणं करीन. तोवर सणाचा घास माझ्या तोंडात जाणार नाही."

त्या दिवसापासून ती कुणालाही वाढण्याआधी विचारू लागली. नाव नंतर, गाव नंतर. पहिला प्रश्न एकच, "तुम्हांला काय चालत नाही?" कापडवाला म्हणाला, जमिनीखाली वाढलेलं काही नको आणि दिवस मावळल्यावर तर काहीच नको. जोशीबुवा म्हणाले, मला कोरडा शिधा आणि नवं मडकं दे, मी माझं शिजवीन. कुणाला मासे नको होते, कुणाला कांदा, कुणाला गाईचं काही. कात्रीनबायनं प्रत्येकासाठी वेगळं मडकं आणलं आणि आढ्याला टांगलं. काही म्हणतात सात मडकी होती, काही म्हणतात एकोणीस. वारली बायांनी सांगितलं, "आम्हांला सगळं चालतं, फक्त थोडं देऊ नकोस." त्यांच्यासाठी तिनं सगळ्यांत मोठं मडकं आणलं.

पास्कोल म्हणायचा, "हे घर आहे की कुंभारवाडा? माझं मडकं यांतलं कुठलं, ते तरी सांग."

"तुला सगळंच चालतं," ती म्हणायची. "तुझं मडकं कशाला हवं? माझं डोकं आहे की खायला."

पण हासम नाखवा काही आला नाही. त्याचं गलबत दर वर्षी खाडीच्या तोंडावरून जाई. ओहोटी असली तर तो बाहेर उघड्या समुद्रात नांगर टाकून उभा राही, पण नांदखारला लागत नसे. कात्रीनबाय काठावर येऊन हात हलवी. तिकडून कुणी हात हलवत नसे. दर सणाला गाव जेवे, ती सगळ्यांना वाढी आणि तिचं ताट पालथं राही. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी कार्तिकात, पाऊस संपून गेल्यावर, अवेळी वादळ आलं. दुपारीच अंधारून आलं. बंदरावर थांबलेली माणसं कात्रीनबायच्या घरात शिरली. त्यांत जोशीबुवा होते, कापडवाला आणि त्याची म्हातारी आई होती, दोन वारली बाया होत्या. एवढ्यात जुझे ओरडत आला, "बाय, कच्छचं गलबत बाहेर उभं आहे! आत येत नाहीये! नांगर तुटला तर खडकावर जाईल!"

कात्रीनबायला सगळं कळलं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता आणि दांड्याच्या एका बाजूनेच गलबताला वाट होती. ती वाट हासम नाखवा सात वर्षांत विसरला असणार. आणि ठाऊक असती तरी तो या बंदरात येणार नव्हता.

तिनं पेटी उघडली. आपलं लग्नातलं लाल लुगडं काढलं, बांबूला बांधलं आणि धावत पाण्यात शिरली. जिथून वाट सुरू होते तिथे ती बांबू धरून उभी राहिली. पास्कोलनं तिच्या कमरेला दोर बांधला आणि गावचे पुरुष दुसरं टोक धरून काठावर उभे राहिले. भरतीचं पाणी चढत होतं. कमरेला आलं, छातीला आलं, हनुवटीला आलं. असं म्हणतात की तिथे येऊन पाणी थांबलं. पूर्ण भरतीची वेळ होती, समोर घराएवढ्या लाटा फुटत होत्या, पण कात्रीनबायच्या हनुवटीच्या वर पाणी चढलं नाही.

नाखव्यानं गलबतावरून ते लाल लुगडं पाहिलं. ते धरणारी बाई कोण, हेही त्यानं ओळखलं. गलबतावर अकरा खलाशी होते. त्यानं नांगर तोडायला सांगितला आणि लुगड्याच्या रोखानं गलबत आत घेतलं.

सगळे वाचले. पण घरी परत येऊन बघतात तर स्वयंपाकाच्या पडवीवर माड कोसळला होता. चूल गेली होती, लाकडं भिजली होती आणि आढ्याची सगळी मडकी फुटून खापऱ्या झाल्या होत्या. वाडीतल्या केळी आडव्या पडल्या होत्या, घड सगळे हिरवे. घरात वीसेक माणसं ओली, भुकेली आणि थंडीनं कुडकुडत बसली होती. हासम नाखवा ओटीच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, भिंतीला टेकून बसला होता.

कात्रीनबाय ओल्या कपड्यांनीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "नाखवा, तुम्हांला काय चालत नाही?"

त्यानं मान वर केली नाही. "बेन, तू माझी माणसं वाचवलीस. मी जन्मभर दुवा देईन. पण तुझ्या भांड्यातलं आणि तुझ्या चुलीवरचं मला काही चालत नाही."

कात्रीनबाय आत गेली आणि माळ्यावरून एक गाठोडं घेऊन आली. त्यात सुकेळी होती. आमच्याकडे पिकलेली राजेळी केळी सोलून आठ दिवस उन्हात वाळवतात आणि वाळक्या केळीच्या पानांत बांधून ठेवतात, तीच ही सुकेळी. गेल्याच आठवड्यात तिनं बांधली होती. तिनं एक पुडकं नाखव्याच्या समोर पानासकट ठेवलं.

"हे कुठल्या भांड्यात गेलेलं नाही," ती म्हणाली. "याला चूल ठाऊक नाही. हे सूर्यानं रांधलंय. सूर्याच्या हातचं तरी चालेल?"

नाखवा पुडक्याकडे बघत राहिला. तेवढ्यात मागून जोशीबुवा म्हणाले, "अहो, हा तर फलाहार! मला द्या, मी सकाळपासून उपाशी आहे." वारली बाया खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "आम्हांला थोडं देऊ नकोस." कापडवाल्याची म्हातारी आई मात्र दाराकडे बघत हळूच म्हणाली, "दिवस मावळला असेल ना गं? मला आता नाही चालणार."

आणि असं म्हणतात की त्याच वेळी पश्चिमेचे ढग फाटले. समुद्रावर सूर्य दिसला, लाल, अगदी पाण्याला टेकलेला. म्हातारीनं दारात बसून एकेक सुकेळं सावकाश चावून खाल्लं, कारण तिला दात नव्हते. ती खाऊन पाणी पिऊन तोंड पुसेपर्यंत सूर्य तसाच टेकून राहिला, मावळला नाही.

हासम नाखव्यानं सूर्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. मग त्यानं पुडकं उघडलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि खायला सुरुवात केली. दोन खाल्ली, चार खाल्ली. मग म्हणाला, "बेन, त्या दिवशी तू विचारलं नव्हतंस. पण मीही सांगितलं नव्हतं. एक शब्द बोललो असतो तर सात वर्षं वाचली असती."

"तुमची की माझी?" कात्रीनबायनं विचारलं.

"दोघांचीही," तो म्हणाला. "चूक निम्मी माझी होती आणि मी ती सगळी तुझ्या दारात टाकून गेलो." त्यानं आपल्या पुडक्यातली दोन सुकेळी तिच्या हातावर ठेवली. "आता तू खा."

वादळ तीन दिवस चाललं. वीस माणसं तीन दिवस त्या एका गाठोड्यावर राहिली आणि गाठोडं काही संपलं नाही. जुझेनं एकट्यानंच शंभर खाल्ली असं म्हणतात, पण ते पास्कोलनं उठवलेलं असावं.

पुढच्या सणाला हासम नाखवा आपण होऊन आला. खजूर घेऊन आला, आपला आचारी आणि आपली भांडी घेऊन आला. कात्रीनबायनं त्याच्यासाठी ताजे मासे आणून ठेवले होते. तो मांडवात मानाच्या जागी पोटभर जेवला, ढेकर दिला, आणि तेव्हा कात्रीनबायनं सगळ्या गावादेखत आपलं ताट उताणं केलं. ती इतकी जेवली की पास्कोल म्हणाला, "बाय, सात वर्षांचं एका दिवसात नको खाऊ!"

ती गेली त्या दिवशी ओहोटी होती, पण कुठून कुठून आलेली गलबतं खाडीत शिरली, असं म्हणतात. त्यांनी शिडं उतरवली होती. तिला मातीत ठेवताना काठावर किती भाषांत रडत होते, ते कुणी मोजलं नाही.

आता पूल झाला आहे. भरतीसाठी कुणी थांबत नाही. पण नांदखारच्या सणाला देवळातली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की गाव लगेच जेवायला बसत नाही. चार बायका आधी बंदरावर जातात आणि गावाबाहेरचा जो कुणी माणूस तिथे सापडेल त्याला कात्रीनबायच्या नावानं बोलावून आणतात. त्याला मानाच्या जागी बसवतात. कात्रीनबायचा प्रश्न विचारतात आणि आधी हातावर एक सुकेळं ठेवतात. तो जेवायला लागला की देवळाची घंटा वाजते. त्यानंतरच बाकीची ताटं वाढली जातात.

गेल्या वर्षी पुलाला रंग देणारा एक मजूर सापडला. ओडिशाचा होता, अंगावर रंगाचे शिंतोडे होते, आपल्याला का आणलंय हे त्याला कळत नव्हतं. सगळ्यांत वयस्कर सेसिलबायनं त्याला विचारलं, "बाबा, तुला काय चालत नाही?" कुणीतरी ते हिंदीत सांगितलं. तो लाजला. हातातल्या सुकेळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाकी सब चलता है. बस, केला नहीं."

चारशे माणसं हसली. सेसिलबायनं ते सुकेळं काढून घेतलं, स्वतःच्या तोंडात टाकलं आणि आत ओरडून सांगितलं, "मासे आणा गं! भात आणा!" तो मान खाली घालून सावकाश कालवून खाऊ लागला. त्याला भूक लागली होती. वर घंटा वाजली, पण त्यानं ती ऐकली की नाही कोण जाणे, कारण त्यानं ताटातून मान वर केली ती दुसऱ्यांदा भात मागायलाच.