तासिकेवरचा दुभाष्या

एका तालुक्याच्या गावी एक भोळा दुभाष्या राहायचा. त्याचं नाव हरबा खोंडे. तो ज्या संस्थेत होता तिथे बाकी सगळे हुशार होते. म्हणून तर संस्थेची ती दशा होती.

संस्थेचं नाव चिनी-इंग्रजी भाषांतर संशोधन केंद्र. या गावात चिनी कोण बोलतं, असं विचारू नका. कुणीच नाही. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब घोरफोडे एकदा सरकारी खर्चाने चीनला अभ्यासदौरा करून आले. येताना टेबलावरचा एक पंखा आणि ही कल्पना घेऊन आले. पंखा बंद पडला. केंद्र चालू आहे.

केंद्राचे संचालक डॉ. वडनेरे. त्यांची पीएच.डी. 'चिनी-इंग्रजी भाषांतरातील समस्या' या विषयावर. विषयच समस्या असल्यामुळे चिनी येण्याची अट नव्हती.

हरबाला मात्र चिनी यायचं. पुण्याच्या क्लासात मास्तर म्हणाले होते, "डिक्शनरी पाठ करा." बाकीची पोरं हसली आणि चहाला गेली. हरबाने डिक्शनरी पाठ केली. प्रस्तावनेसकट, छापखान्याच्या पत्त्यासकट. मग इंग्रजीचीही केली. शब्द सगळे आले. माणसं कशाला काय बोलतात, ते तेवढं डिक्शनरीत नव्हतं.

हरबा तासिका तत्त्वावर होता. म्हणजे भराल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टी लागली की घरी बसा. त्याच्या सासऱ्याला हे लग्नानंतर कळलं. त्याने पोरगी माहेरी नेऊन ठेवली आणि निरोप धाडला, "कायम झाल्याची ऑर्डर दाखवा, बायको घेऊन जा." पोरीला कुणी विचारलं नाही. तिचं नाव सुगंधा. ती तिकडे वाट बघायची, हा इकडे. दोघांची नजर वडनेरेसरांच्या पेनाकडे.

अशात चीनहून लिनबाई आल्या. मोठ्या विद्यापीठातल्या. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना मधे काय काय सांडतं, हा त्यांचा अभ्यास. बाई अगदी योग्य ठिकाणी आल्या होत्या. केंद्राचं काम पाहून त्या आपल्या विद्यापीठातर्फे सहकार्याच्या करारावर सही करणार होत्या.

सरांनी हरबाला बोलावलं. "हे बघ, करार झाला की केंद्र मोठं होणार. आणि तू कायम."

"खरंच, सर?"

"शब्द देतो. फक्त नीट काम कर. शब्दाला शब्द द्यायचा. एक इकडचा तिकडे नको."

"बरं, सर. लक्षात ठेवतो."

आणि त्याने लक्षात ठेवलं. हाच तर घोटाळा होता.

सर इंग्रजीतून बोलायचे, कारण केंद्र चिनी-इंग्रजी. मराठीत बोललं तर अनुदान परत जाईल अशी त्यांना भीती. लिनबाई चिनीतून बोलायच्या. मधे हरबा. आपण सगळं मराठीतच ऐकू. आपल्याला कुठे अनुदान आहे?

पहिल्या दिवशी सरांच्या घरी जेवण होतं. वहिनी पुरणपोळी वाढायला आल्या. बाईंच्या देशातही पहिल्या हाकेला हात पुढे करणारा पाहुणा हावरट समजतात. बाई म्हणाल्या, "नको नको, कशाला एवढं!"

सरांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"नको म्हणतायत. दोनदा."

पोळी परत आत गेली. मग भात आला. बाई म्हणाल्या, "अहो नको, खरंच नको."

"नको, सर. खरंच नको."

भातही गेला. बाईंच्या ताटात मीठ, लिंबू आणि लोणच्याची एक फोड उरली. सरांनी बाईंच्या वाटणीच्या पोळ्या खाल्ल्या आणि तुपाची वाटी पालथी घातली. संध्याकाळी चिनी विद्यापीठाची ज्येष्ठ संशोधक एसटी स्टँडवर वडापाव खाताना सापडली. तिसरा वडापाव.

सरांनी हरबाला झापला. "अक्कल गहाण टाकलीस का? पाहुणा नको म्हणतो तेव्हा त्याला हवं असतं! दोनदा नको म्हणाला तर दुप्पट वाढायचं. एवढं साधं कळत नाही?"

"बरं, सर. आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून वहिनींनी शेंगदाण्याची चिक्की दिली. चिक्की त्यांच्या सासूच्या पद्धतीची, दगडासारखी होती. बाईंच्या दाढेत भरलेलं सिमेंट निघून चिक्कीत गेलं. हरबा त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने आत बॅटरी मारली आणि विचारलं, "काढून टाकू का?"

बाई दोन्ही हात हलवत म्हणाल्या, "नको, नको! काढू नका! फक्त भरून द्या."

डॉक्टरने हरबाकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"नको म्हणतायत."

"मग भरू?"

"छे हो. तुम्हाला पाहुण्यांचं काही कळत नाही. दोनदा नको म्हणाल्या. म्हणजे दोन काढा."

डॉक्टर आनंदाने कामाला लागला. बाई तोंडात कापूस घेऊन बाहेर आल्या. त्यांनी खिशातून वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. संशोधक होत्या, करणार काय!

सरांनी हरबाला पुन्हा झापला. "अरे मुडद्या, दात उपटायचा म्हणजे काय गंमत आहे? गेलेली गोष्ट परत येते का? आधी खात्री करावी! समोरच्याला विचारावं, नक्की ना? खरंच ना? अजून वेळ गेलेली नाही, विचार करा, असं म्हणावं. मग पुढे जावं."

"बरं, सर. आता लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी सभागृहात बाईंचा सत्कार होता. गावातले झाडून सगळे मोठे लोक पुढच्या रांगेत. मोठे म्हणजे वयाने, पोटाने आणि सत्काराला येण्याच्या सवयीने. पोरं मागे उभी, कारण खुर्च्या मोठ्यांना.

सर माईकपाशी गेले. "चिनी भाषेसाठी मी उभं आयुष्य वेचलं."

हरबा सरांकडे वळला. त्याच्या हातातही माईक होता. "नक्की ना, सर? तुम्हाला चिनी येत नाही."

मागची पोरं जागी झाली.

सर घाम पुसत म्हणाले, "माझा प्रबंध अनेक वर्षांच्या तपश्चर्येतून आला."

"खरंच ना, सर? तो देशमुख मॅडमनी लिहून दिला होता ना? अजून वेळ गेलेली नाही. विचार करा."

देशमुख मॅडम तिसऱ्या रांगेत होत्या. त्या उठून पाणी प्यायला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

प्रसंग सावरायला दादासाहेब उठले. माणूस अनुभवी. त्यांनी माईक ओढला. "या केंद्रासाठी मी माझी स्वतःची जमीन दान केली आहे."

"दादासाहेब, नक्की ना? ती गायरानाची होती. विचार करा."

मागून अशी शिट्टी आली की राष्ट्रगीत लवकर घ्यावं लागलं.

त्या दिवशी झापायला दोघे होते. दादासाहेब म्हणाले, "याला घरची काही शिकवण आहे का नाही? अरे, चारचौघांत मोठ्या माणसाची लाज राखावी!" सर म्हणाले, "कडू आलं तर साखर घालून पुढे द्यावं. मोठ्यांच्या कानावर गोडच गेलं पाहिजे. आम्ही काय उगाच मोठे झालो?"

"बरं, सर. बरं, दादासाहेब. आता लक्षात ठेवतो."

मग बाई केंद्राचं काम तपासायला बसल्या. काम म्हणजे कपाटभर फायली. एका बाजूला चिनी वाक्य, समोर त्याचं इंग्रजी. ही वाक्यं सरांनी कॉम्प्युटरमधून काढली होती. कॉम्प्युटरने पहिल्याच पानावर एक ओळ रिकामी सोडली आणि तिथून पुढचं सगळं इंग्रजी एक घर खाली सरकलं. चहाच्या वाक्यासमोर स्मशान, स्मशानासमोर लग्न. कुणी वाचून बघितलं नाही. वाचणार कोण? चिनी येणारा एकटा हरबा, आणि त्याला फायलींना हात लावायची परवानगी नव्हती. तो तासिकेवरचा.

बाईंनी चष्मा काढला. "हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चुकलेलं आहे. असलं काम मी जन्मात पाहिलं नाही. कृपा करून कुणाला दाखवू नका."

सर पुढे झुकले. "काय म्हणतायत?"

हरबाने साखर घातली. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उत्तम, म्हणतायत. असलं काम जन्मात पाहिलं नाही. कृपा करून सगळ्यांना दाखवा."

संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. सरांचा कोट घातलेला फोटो, शेजारी बाईंचा, खाली दादासाहेबांच्या घरातल्या सगळ्यांचे, पाळण्यातल्या नातवासकट. ढोलताशा लावून कपाट ट्रॅक्टरवर चढवलं. गुलाल उधळला. बाई खोलीच्या खिडकीतून बघत होत्या. खाली येऊन त्यांनी हरबाला विचारलं, "हे कसलं लग्न?"

"तुमच्या अभिप्रायाचं, बाई."

मग सगळं उलगडलं. बाई ट्रॅक्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ढोल थांबले. कपाट पुन्हा उतरवलं.

बाई बॅग भरायला लागल्या. सरांनी आर्जवं केली, हात जोडले, पोरांकडून काम पुन्हा करून घेण्याचं वचन दिलं. बाई शेवटी म्हणाल्या, उद्या निघण्याआधी ठरवते.

सरांनी हरबाला कोपऱ्यात घेतला. आवाज बसला होता. "ऐक. तुला डोकं नाही हे मला मान्य आहे. मग ते मधे आणतोस कशाला? दुभाष्याला स्वतःचं काही नसतं. तिथे तू नाहीसच. तू म्हणजे मी. मी जे बोललो असतो, तेच तुझ्या तोंडून आलं पाहिजे. ना कमी, ना जास्त. यावर तुझी नोकरी आहे, कळलं?"

"बरं, सर. मी म्हणजे तुम्ही."

"शाबास."

दुसऱ्या दिवशी करार टेबलावर मांडला. पण कराराला आमदार यायचे होते, आणि आमदार वेळेवर आले तर त्यांना आमदार कोण म्हणेल? सर आणि दादासाहेब हार घेऊन फाटकाशी उभे राहिले. जाताना सर बजावून गेले, "मी येईपर्यंत तू म्हणजे मी. बाईंना खोळंबवू नकोस. विचारतील त्याचं उत्तर दे."

हरबा सरांच्या खुर्चीत बसला. उभा राहिला असता तर तो सर कसा?

बाईंनी घड्याळ पाहिलं. गाडी दारात होती. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि म्हणाल्या, "संचालक नाहीत का?"

"मीच संचालक."

त्यांनी मान डोलावली. दुभाषे दुसऱ्याचा 'मी' आपल्या तोंडून बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. "तर मग ऐका, संचालकसाहेब. माझे दोन दात गेले. मी उपाशी राहिले. पण या सगळ्या इमारतीत माझी भाषा येणारा माणूस एकच आहे, आणि त्यालाच तुम्ही तासावर राबवता. ज्यांना येत नाही ते गाडीतून फिरतात. माझी एकच अट आहे. हरबा खोंडेला कायम करा. आत्ता हो म्हणा, मी आत्ता सही करते."

हरबाच्या डोळ्यांपुढे सुगंधा आली, ट्रंक घेऊन एसटीतून उतरताना. जिभेच्या टोकावर 'हो' आला.

मग त्याला आठवलं की तिथे तो नाहीच.

त्याने डोळे मिटले. सर काय बोलले असते? त्यासाठी डिक्शनरी लागत नव्हती. दर वर्षी जूनमध्ये तो अर्ज घेऊन जायचा आणि सर तेच बोलायचे. त्याने नाकावर नसलेला चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि खुर्चीत मागे रेलला.

"कोण, तो खोंडे? छे! कायम केला की माणूस माजतो. पुढच्या वर्षी बघू."

बाई चपापल्या. "पण त्याची बायको माहेरी अडकली आहे ना? त्यानेच सांगितलं मला."

"असू दे की. आणखी एक वर्ष राहिली तर झिजणार आहे का? आम्हाला नाही का त्रास झाला आमच्या वेळी?"

"अहो, चांगला माणूस आहे तो."

"चांगला आहे म्हणून तर परवडतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. करार न उघडता परत सरकवला. हरबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या. फाटकाशी सर आणि दादासाहेब हार घेऊन उभे होते. गाडी त्यांच्या अंगावर धूळ उडवत गेली. त्यांना वाटलं, आमदारांचीच. त्यांनी नमस्कार केला.

सर धावत वर आले. "झाली सही?"

"नाही, सर."

"का?"

"बाईंनी एक अट घातली. हरबाला कायम करा म्हणाल्या."

"एवढीच? मग हो म्हणायचं की रे, गाढवा!"

"मी हो म्हणालो असतो, सर. पण मी तुम्ही होतो."

सर मटकन खाली बसले. दादासाहेब दारातच भिंतीला टेकले. हार हातातून पायावर पडला. हरबाने अदबीने सरांची खुर्ची पुसली, त्यांना पाणी आणून दिलं आणि मग हळूच त्यांच्या कानाशी वाकला.

"सर, एवढी मेहरबानी करा. हे त्या हरबाला कळू देऊ नका. बिचारा फार आशेवर आहे."